उसाच्या फडात पिले सापडली तर काय करावे?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही उसातलाच आहे. जुन्नर, आंबेगावकडे बिबट्या उसात राहतो, हे आपण अनेक वर्षे वर्तमानपत्रांत वाचत होतो आणि "ते तिकडचं" असे म्हणून पान उलटत होतो. आता तेच जनावर आपल्या शिवारात आले आहे. कुणाला पहाटे दारे धरताना पायवाटेवर ठसे दिसतात, कुणाचे राखणीचे कुत्रे रात्रीतून नाहीसे होते, तर कुणाला मोटारसायकलच्या उजेडात रस्ता ओलांडताना ते दिसते. आणि हंगामात तोड चालू असताना सरीत पिले सापडतात. ही शेवटची गोष्ट आमच्या खात्याशी थेट संबंधित आहे, म्हणून हा लेख.

प्रथम गेल्या हंगामात काय घडले ते सांगतो. त्यात आमची चूक झाली, आणि ती लपवून पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

गेल्या हंगामातला प्रसंग

जानेवारी महिना होता. कालव्याच्या खालच्या अंगाला एका सभासदाचा पूर्वहंगामी को-86032 चा दोन एकरांचा फड तोडीस लागला होता. बैलगाड्यांची टोळी होती. सकाळी अकराच्या सुमारास चिटबॉयचा फोन आला, "साहेब, फडात वाघाची पिल्लं निघाली. तीन हायत. डोळं नुकतंच उघडल्यासारखं दिसतंय. माणसं कोयता टाकून बाहेर आली. काय करू?"

त्या दिवशी कारखान्यावर ऊस कमी होता. गव्हाण रिकामी पडेल की काय अशी वेळ होती आणि सकाळपासून गाळप विभागाचे फोनवर फोन चालले होते. त्या घाईत आम्ही सांगून बसलो, "पिलं उचलून बाजूला ठेवा, वन खात्याला कळवतो. तोड थांबवू नका."

चिटबॉय व मुकादम यांनी आमचा शब्द पाळला. पिले पाटीत घातली आणि फडापासून अर्ध्या मैलावर जेथे टोळीच्या कोप्या होत्या तेथे नेऊन ठेवली. तासाभरात गावात वर्दी पोचली. शाळा सुटल्यावर पोरे आली, बायाबापड्या आल्या, मोबाईलवर फोटो काढण्यासाठी पिले या हातातून त्या हातात फिरली. टोळीतल्या एका वयस्कर मावशी मात्र सारख्या म्हणत होत्या, "अरं, जिथली तिथं नेऊन ठिवा. ती येणार हाय." त्यांचे कुणी ऐकले नाही. वन खात्याची माणसे पोचेपर्यंत दिवस मावळला होता आणि दोन एकरांपैकी निम्म्याहून अधिक फड मोकळा झाला होता.

ती रात्र टोळीतील माणसे कधी विसरणार नाहीत. वनरक्षकांनी पिले ताब्यात घेऊन तेथून हलवली होती, पण कोप्यांभोवती पिलांचा वास राहिला होता. नऊच्या पुढे मादी आली. ती गुरगुरत कोप्यांच्या भोवताली फिरत राहिली. आत सहा महिन्यांच्या बाळापासूनची लेकरे होती. माणसांनी डबे वाजवले, पाचटाचा जाळ केला आणि सारी रात्र बसून काढली. तिने माणसाला हात लावला नाही, ही देवाचीच कृपा. पण दावणीचे बैल बुजले. दोन बैलांनी कासरे तोडले आणि त्यांतला एक अंधारात चारीत पडून त्याचा पुढचा पाय मोडला. गाडीवानाने उचल घेऊन तो बैल दिवाळीच्या बाजारात घेतला होता. हंगाम अर्धा राहिला आणि गाडी उभी राहिली. संचालक मंडळाने त्यास मदत केली हे खरे, पण त्याचे दोन महिन्यांचे काम बुडाले ते कुणी भरून देऊ शकले नाही.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकांनी पिले तपासली. संध्याकाळी उरलेल्या उसाच्या कडेला, मूळ जागेच्या शक्य तेवढे जवळ, ती एका क्रेटमध्ये ठेवण्यात आली. पहिल्या रात्री मादी आली नाही. दुसऱ्या रात्री आली आणि एकेक करून तिन्ही पिले तोंडात धरून घेऊन गेली. हे सारे वन खात्याच्या कॅमेऱ्यात आले.

या प्रसंगाचा हिशेब मांडला तर असे दिसते, की पिले जागेवरून हलवली नसती आणि तोड तेवढ्या फडापुरती दोन दिवस थांबली असती, तर ना बैल गेला असता, ना टोळीची रात्र तशी गेली असती. वाघिणीचा यात काही दोष नाही. पिले उचलायला सांगणारे आम्ही होतो.

हे जनावर उसात का राहते?

पुष्कळ सभासद विचारतात, "जंगलातलं जनावर उसात कसं आलं? कुणी आणून सोडलं का?" सरळ उत्तर असे, की आपला ऊस त्याला सोयीचा पडतो. सुरू ऊस बारा महिने, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिने आणि आडसाली सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. एवढा काळ दाट आडोसा, जवळ पाणी आणि माणसाची ये-जा कमी. बाजरी-ज्वारीत हे मिळत नाही. कालवे व उपसा योजना आल्या, ऊस वाढला, आणि एका गावाचा ऊस दुसऱ्या गावाच्या उसाला लागला. वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या आहेत. गावाबाहेर मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण टाकली जाते, तिच्यावर कुत्री व डुकरे पोसतात, आणि त्यांच्यावर बिबट्या पोसतो.

डॉ. विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, म्हणजे आपल्यासारख्याच बागायती गावांत, कॅमेरे लावून याचा अभ्यास केला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. जवळपास अभयारण्य नाही, हरणे नाहीत, तरीही एवढे. त्याच भागातील बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली तेव्हा त्यांच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के पाळीव जनावरे निघाली, आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. म्हणजे बिबट्या वाट चुकून उसात येत नाही. उसात जन्मलेल्या मादीला उसातच पिले होतात आणि त्या पिलांना दुसरे रान माहीतही नसते.

आपल्या वाडवडिलांना हे जनावर नवे नव्हते. घाटाकडच्या गावांत शिवेवर शेंदूर लावलेला वाघोबा अजून आहे, आणि दिवाळीच्या तोंडावर काही समाजांत वाघबारस पाळली जाते. जनावर आहे हे मान्य करून जपून वागण्याची ती रीत होती.

सापडलेली पिले टाकलेली नसतात

मादीला एका वेळी बहुधा दोन किंवा तीन पिले होतात. जन्मतः पिलाचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. डोळे उघडायला आठवडा-दहा दिवस लागतात. पुढे तीनेक महिने पिले मुख्यतः दुधावर असतात आणि दीड-दोन वर्षांची होईपर्यंत आईबरोबर फिरतात. पिले सांभाळण्याचे काम मादी एकटी करते, नराची त्यात मदत नसते. त्यामुळे शिकारीला जाताना तिला पिले लपवून जावे लागते. ती तासन्‌तास, कधी दिवसभरही लांब राहते. तोडणीवाले फडात शिरले म्हणजे ती आवाजानेच बाजूला सरते आणि शेजारच्या उसातून पाहत बसते.

म्हणून "पिलं एकटी होती, आईनं टाकली असतील" हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा आई शे-दोनशे पावलांवर असते आणि अंधार पडण्याची वाट पाहत असते.

दुसरा समज असा, की माणसाचा हात लागला म्हणजे आई पिलाला जवळ करीत नाही. तसे असते तर पशुवैद्यकांनी तपासून ठेवलेली पिले मादीने नेलीच नसती. जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे बिबट निवारण केंद्र आहे. तेथील डॉक्टर व वन खाते यांनी उसात सापडलेली अनेक पिले याच रीतीने पुन्हा आईच्या हवाली केलेली आहेत. मात्र याचा अर्थ आपण पिले हाताळावीत असा नाही. पिले हाताळल्याने आई त्यांना टाकत नाही, पण ती पिलांच्या शोधात माणसांपर्यंत येते. धोका तेथे आहे.

आणि पिलू आईपासून कायमचे तुटले तर त्याला शिकार शिकवणारे कोणी राहत नाही. असे पिलू बहुधा जन्मभर पिंजऱ्यात राहते. इकडे पिले हरवलेली मादी पुढचे काही दिवस त्याच शिवारात बिथरून फिरते. दोन्ही बाजूंनी नुकसानच.

प्रत्येक पिलू बिबट्याचे नसते

उसात तीन जातींची मांजरे पिले घालतात, आणि पिले लहान असताना भल्याभल्यांची फसगत होते.

बिबट्याच्या पिलाचे अंग मऊ लोकरीसारख्या केसांचे, रंग मळकट करडा आणि ठिपके काळपट व दाट असतात. शेपूट लांब असते आणि पाय अंगाच्या मानाने जाड असतात.

रानमांजर, ज्याला काही भागांत बाऊल म्हणतात, त्याची पिले अंगावर पट्टे घेऊन जन्मतात. मोठेपणी पट्टे पुसट होतात आणि जनावर एकरंगी, मातकट दिसते. पाय लांब, कानांच्या टोकांना काळे केस आणि शेपटीच्या शेवटाला काळी कडी.

तिसरी वाघाटी. ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेली वाघाटी दीड किलोच्या आसपास, म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही लहान असते. पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर पांढरट रेषा असतात. ही ठिपक्यांमुळे हमखास "वाघाचं पिल्लू" ठरते. वाघाटी भारत, श्रीलंका व नेपाळ सोडून कोठे नाही. ती आपल्या बांधावर राहते ही एका अर्थी मानाची गोष्ट आहे.

रानमांजर व वाघाटी यांचे मुख्य खाणे उंदीर. उंदीर उसाचे किती नुकसान करतात हे आपणास सांगायला नको. तेव्हा ही मांजरे, तसेच कोल्हा, मुंगूस, धामण ही मंडळी बिनपगारी राखणदारच समजावीत.

कोणते पिलू कशाचे आहे हे ठरवण्याची जबाबदारी आपण घेऊ नये. कोणतेही पिलू दिसले तरी पुढील रीत सारखीच.

फडात पिले दिसली तर

1. कोयते थांबवावेत आणि सर्वांनी आल्या वाटेने मागे सरावे. धावपळ व आरडाओरड करू नये. पिलांभोवती गोल करून उभे राहू नये, कारण आई पलीकडच्या उसात असते आणि तिला वाट मोकळी हवी.

2. पिलांना हात लावू नये. पाटीत, पोत्यात घालू नये. दूध पाजू नये. गाईचे दूध लहान पिलांना बाधते आणि पाजताना ते श्वासनलिकेत जाऊन पिलू दगावते.

3. चिटबॉयने ताबडतोब गट ऑफिसला आणि वन खात्याला कळवावे. वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक 1926 आहे. गाव, गट नंबर आणि रस्त्यावरची खूण नीट सांगावी. फडाच्या त्या कोपऱ्यावर काठीला फडके बांधून ठेवावे, म्हणजे जागा शोधण्यात वेळ जात नाही.

4. गावात बोभाटा करू नये. फोटो व व्हिडिओ पाठवत बसू नये. गर्दी जमली की आई लांब जाते, आणि गर्दीतच कुणीतरी पिलू उचलतो.

5. पिलांभोवतीचा उभा ऊस तोडू नये. तो आडोसा राहिला तर मादी अंधार पडताच येते. रान उघडे पडले तर ती बिचकते आणि काम लांबते, हे आम्ही गेल्या हंगामात पाहिले.

6. अजाणता पिले उचलली गेलीच, तर ती घरी अथवा कोप्यांवर न नेता लगेच त्याच जागी ठेवावीत व बाजूला व्हावे. मादी दिसली असेल किंवा गुरगुर ऐकू येत असेल तर पुन्हा आत जाऊ नये, वन खात्याच्या माणसांची वाट पाहावी.

पुढचे काम वन खात्याचे. पशुवैद्यक पिले तपासतात, दिवस मावळायच्या आत ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरे लावतात आणि सर्व माणसे बाजूला होतात. बहुधा पहिल्या-दुसऱ्या रात्री आई पिले घेऊन जाते.

येथे कायद्याचीही आठवण करून देतो. बिबट्या हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे, पकडणे वा पिले घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्यास किमान 3 व कमाल 7 वर्षांची कैद असून, 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये झाला आहे. हौसेने काढलेला फोटो उद्या पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो.

तोड थांबली तर नुकसान होते का?

हा खरा प्रश्न आहे, आणि सभासद तो बोलून दाखवत नसला तरी त्याच्या मनात असतो. महिना-महिना तोडीची वाट पाहिलेली असते. टोळी रानात आली आणि ती थांबवली तर पुन्हा येईल की नाही, याची धास्ती असते. म्हणूनच पिले निघाली तरी गुपचूप बाजूला करण्याकडे कल होतो. आमच्या हातूनही तेच झाले.

शेतीच्या हिशेबाने पाहिले तर उभा पक्व ऊस दोन-तीन दिवस अधिक उभा राहिल्याने त्याच्या वजनात किंवा साखर उताऱ्यात मोजण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो तोडलेल्या उसात. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे. तो रानात पडून राहिला की वजन घटते आणि उताराही घटतो. तेव्हा पिले निघाल्यावर जो ऊस तोडून झाला आहे, त्याच्या मोळ्या लांबच्या बाजूने भरून गाड्या रवाना कराव्यात. उभ्या उसाला धक्का लावू नये.

राहिला नंबराचा प्रश्न. येत्या हंगामापासून शेतकी खात्याने अशी व्यवस्था केली आहे, की पिलांमुळे फड थांबला तर टोळी क्रमपाळीतील जवळच्या दुसऱ्या फडावर लावली जाईल आणि पिले गेल्याचे वन खात्याने कळवताच तीच टोळी परत त्या फडावर येईल. सभासदाची तोडणीची पाळी जाणार नाही. टोळीचा दिवसाचा खाडाही पडणार नाही. यासाठी सभासदाने वेगळा अर्ज करण्याची गरज नाही, चिटबॉयची नोंद पुरेशी आहे. कारखान्यावर ऊस कमी असला तरीही हा नियम लागू राहील. तो आम्ही स्वतःलाच घालून घेतला आहे.

फड तोडण्याची रीत

फड चहूबाजूंनी तोडत मध्यावर आणला की आतली सारी जनावरे शेवटच्या पट्ट्यात कोंडतात. मग रानडुक्कर असो, कोल्हा असो की बिबट्या, ते जिवाच्या भीतीने माणसाच्या अंगावरून वाट काढते. म्हणून रस्ता वा वस्तीच्या बाजूने तोड सुरू करावी आणि दुसऱ्या अंगाला, जिकडे शेजारचा ऊस किंवा ओढा असेल तिकडे, जनावराला निघून जायला वाट ठेवावी. सकाळी फडात शिरण्यापूर्वी बांधावरून डबा वाजवावा व थोडा वेळ थांबावे. अंधारात तोड करू नये. यंत्राने तोड असेल तर चालकाने पहिली फेरी सावकाश घ्यावी व पुढे एक माणूस नजर ठेवायला असावा. याच रीतीने पाचटातली घोणसही बाजूला होते आणि हातपाय वाचतात.

उसाचा फड पेटवून तोडण्याची सवय काही ठिकाणी आहे. तीविषयी आम्ही यापूर्वी पुष्कळदा लिहिले आहे. जळीत उसाचा उतारा घटतो, कपात बसते, आणि जमिनीला मिळणारे पाचट जाते. 2019 च्या एप्रिलमध्ये आंबेगाव तालुक्यात अवसरी बुद्रुक येथे उसाच्या रानातील आगीत बिबट्याचे 5 बछडे होरपळून मेले. मुके जीव गेले ते गेलेच, पण अशी पिले गमावलेली आई त्याच शिवारात राहते, हेही ध्यानात घ्यावे.

कोप्यांवरची काळजी

तोडणी मजूर बीड, पाथर्डीकडून येतात. त्यांना आपले रान नवे असते, आणि ते पाचटाच्या कोपीत, उसाला लागून राहतात. सर्वांत अधिक धोका त्यांच्या लेकरांना आहे. ज्या सभासदाच्या जागेत कोप्या पडतात त्याने एवढे पाहावे. कोप्या उभ्या उसापासून शक्य तितक्या लांब, मोकळ्या जागी असाव्यात. रात्रभर एक दिवा जळेल अशी सोय करावी. शेळ्या, कोंबड्या व कुत्री झोपण्याच्या जागेला लागून बांधू नयेत. मटणा-मासळीची घाण जवळ टाकू नये. लेकरांना मध्ये घेऊन झोपावे.

पहाटे परसाकडे एकट्याने जाऊ नये. सोबत बॅटरी व काठी घ्यावी. खाली बसलेला माणूस किंवा लहान मूल बिबट्याला त्याच्या नेहमीच्या शिकारीएवढे दिसते, उभा माणूस तसा दिसत नाही. दिवसा आई-बाप फडात असताना तान्ही मुले बांधावर, उसाच्या कडेला निजवू नयेत. एका जाणत्या बाईला मुलांपाशी ठेवावे. या कामासाठी गट ऑफिसने टोळीच्या मुकादमाशी आधीच बोलून ठेवावे, अशा सूचना दिल्या आहेत.

बिबट्या समोर आलाच तर पळू नये, वाकू नये. उभे राहून मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरावे.

"पिंजरा लावा" या मागणीविषयी

बिबट्या दिसला की दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा पिंजऱ्यासाठी अर्ज तयार असतो. लोकांची भीती खोटी नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात थोड्या दिवसांच्या अंतराने लहान मुलांसह तिघांचा बळी गेला. ज्या घरातले मूल गेले त्याला उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे.

परंतु नुसता दिसला म्हणून पकडून दुसरीकडे सोडणे हा उपाय उलटतो, असा जुन्नरचा अनुभव आहे. तेथे 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. बिबटे पकडून दुसऱ्या रानात सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर 2001 ते 2003 मध्ये ही सरासरी 17 वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते आणि परत यायला पाहते, शिवाय रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते. म्हणून आपल्या शिवारातला, माणसाला टाळून राहणारा बिबट्या हलवण्याआधी दहादा विचार करावा. गोठ्याला जाळीचे दार, वस्तीला दिवा आणि गावाची घाण पुरण्याची सोय यांवर खर्च केलेला पैसा अधिक उपयोगी पडतो.

जनावर मारले गेले तर ते जागेवरून न हलवता लगेच वन खात्याला कळवावे. पंचनामा झाल्यावर शासनाकडून भरपाई मिळते. त्याच्या कागदपत्रांसाठी गट ऑफिसची मदत घ्यावी.

शेवटी

हंगाम आता तोंडावर आला आहे. टोळ्या येऊ लागतील, कोप्या पडतील. त्याआधी प्रत्येक गटात चिटबॉय, मुकादम आणि सभासद यांची एक बैठक आम्ही घेणार आहोत. तारीख गट ऑफिसच्या फळ्यावर लागेल. वन खात्याचे अधिकारीही यावेत अशी विनंती केली आहे. गेल्या वर्षी "ती येणार हाय" असे सांगणाऱ्या मावशींच्या मुकादमाचा नुकताच फोन आला होता. टोळी याही वर्षी आपल्याकडेच येत आहे. आल्यावर पहिल्या बैठकीत त्यांनाच दोन शब्द बोलायला सांगावे, असे आम्ही ठरवले आहे.

आपला ऊस वेळेवर तुटावा, चांगला उतारा मिळावा आणि रानात राबणारे प्रत्येक माणूस संध्याकाळी धडधाकट घरी जावे, हीच अपेक्षा. फडात काही दिसले तर आधी कोयता थांबवा आणि मग आम्हाला फोन करा. या वेळी आमचे उत्तर वेगळे असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग